मनाचे दुखणे मोजायचे कसे?

आपल्या पत्रिकेत दर तिमाहीला कामाचे आकडे छापले जातात. किती रुग्ण तपासले, किती बालकांचे वजन वाढले, मोतीबिंदूच्या किती शस्त्रक्रिया झाल्या. हे आकडे वाचकांना लगेच समजतात, कारण वजनाला काटा आहे आणि तापाला थर्मामीटर आहे. मानसिक आरोग्याच्या कामाबद्दल मात्र “अनेक रुग्णांना आराम पडला” असे लिहिले की वाचकांचा प्रश्न येतो, “आराम पडला हे तुम्हांला कळले कसे? मनाला कुठे काटा लावता येतो?”

प्रश्न रास्त आहे. देणगी देणाऱ्याने तो विचारायलाच हवा आणि काम करणाऱ्याने त्याचे नीट उत्तर द्यायला हवे. जव्हार-मोखाडा भागातील पाड्यांवर समुपदेशन करणाऱ्या आपल्या गटाबरोबर मी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. संपादकांच्या सूचनेवरून हे उत्तर लिहीत आहे.

थोडक्यात सांगायचे तर मनाचे दुखणे मोजता येते. त्याचा काटा लोखंडाचा नसतो, प्रश्नांचा असतो. प्रश्न कोणत्या भाषेत विचारला, कोणी विचारला, कोणत्या महिन्यात विचारला आणि उत्तर द्यायला कोण उरले, यावर तो काटा खरे किंवा खोटे वजन दाखवतो. म्हणून कागदावरच्या आकड्यापेक्षा तो कसा मिळाला हे आधी समजून घेतले पाहिजे.

मोजायचे कशाला?

“रुग्णाकडे बघितले की कळते,” असे पुष्कळ अनुभवी मंडळी म्हणतात. अनुभवाचे मोल मोठे आहे, पण या एका बाबतीत तो फसवतो. अमेरिकेतील यूटा राज्यात मायकल लॅम्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी समुपदेशकांना विचारले की, तुमच्याकडे येणाऱ्या या ५५० व्यक्तींपैकी कोणाची तब्येत उपचार चालू असूनही बिघडेल असे वाटते? समुपदेशकांनी फक्त ३ नावे सांगितली. प्रत्यक्षात ४० जणांची तब्येत बिघडली आणि सांगितलेल्या तिघांपैकी एकच त्यांत होता. हे समुपदेशक काही निष्काळजी नव्हते. आपल्या हातून उपचार घेणारा माणूस खालावतो आहे हे पाहणे माणसाच्या मनाला अवघडच जाते.

त्याच समुपदेशकांच्या हाती दर भेटीचा आकडा असला, तर बिघाड वेळीच ध्यानात येतो. आपल्यासारख्या भागात याचे महत्त्व जास्त आहे. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसले, की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. जो मोजका माणूस डोंगर उतरून आपल्यापर्यंत येतो, त्याला चुकीच्या उपचारात सहा महिने अडकवून ठेवणे परवडणारे नाही.

नऊ प्रश्नांचा काटा

उदासीनतेच्या आजारासाठी, म्हणजे ज्याला डॉक्टर डिप्रेशन म्हणतात त्यासाठी, जगभर सर्वांत जास्त वापरली जाणारी प्रश्नावली म्हणजे पीएचक्यू-९. कर्ट क्रोन्के, रॉबर्ट स्पिट्झर आणि जॅनेट विल्यम्स यांनी ती २००१ साली प्रसिद्ध केली. त्याआधीही प्रश्नावल्या होत्या. मॅक्स हॅमिल्टन यांची १९६० सालची आणि अ‍ॅरन बेक यांची १९६१ सालची आजही वापरात आहेत. पण हॅमिल्टन यांची प्रश्नावली भरायला प्रशिक्षित डॉक्टर लागतो आणि बेक यांच्या प्रश्नावलीत २१ प्रश्न आहेत. पीएचक्यू-९मध्ये नऊच प्रश्न, आणि ते आरोग्यसेविकाही विचारू शकते.

मागच्या दोन आठवड्यांत पुढील त्रास किती दिवस झाला, एवढेच त्यात विचारलेले असते. कशात मन न लागणे, उदास वाटणे, झोप न येणे किंवा फार येणे, थकवा, भूक मंदावणे किंवा वाढणे, आपण कुचकामी आहोत असे वाटणे, लक्ष न लागणे, हालचाल मंदावणे किंवा फार अस्वस्थ होणे, आणि शेवटी जीव नकोसा वाटणे. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण मिळतात. अजिबात नाही म्हणजे ०, काही दिवस म्हणजे १, निम्म्याहून जास्त दिवस म्हणजे २ आणि जवळजवळ रोज म्हणजे ३. एकूण बेरीज ० ते २७ येते. ५ ते ९ म्हणजे सौम्य त्रास, १० ते १४ मध्यम, १५ ते १९ मध्यम ते तीव्र आणि २० च्या पुढे तीव्र.

हा आकडा म्हणजे निदान नव्हे. थर्मामीटर ताप दाखवतो, पण तो मलेरियाचा की टायफॉइडचा हे सांगत नाही, तसेच हे आहे. बेरीज १० किंवा जास्त आली की पुढची सविस्तर तपासणी करायची, असा त्याचा अर्थ.

चौदा दाणे आणि दोन बाजार

छापील मराठी प्रश्नावली पाड्यावर जशीच्या तशी वाचून दाखवली तर काय होते? “गेल्या दोन आठवड्यांत आपणांस उदास, खिन्न किंवा निराश वाटले काय?” असे विचारल्यावर समोरची बाई आधी सेविकेकडे आणि मग जमिनीकडे बघते. वारली, कातकरी, कोकणा, ठाकूर घरांत हे शब्द कोणी बोलत नाही. लोक सांगतात ते असे: “जीव घाबरा होतो”, “डोकं जड राहतं”, “अंगात ताकद नाही”, “झोप उडाली”, “इचार थांबत नाहीत”. कोणी भगताकडे जाऊन आलेला असतो आणि भगताने त्याला बाहेरची बाधा सांगितलेली असते. आम्ही त्यावर वाद घालत नाही. भगताने काय सांगितले हेही विचारून लिहून घेतो, कारण आपल्या दुखण्याकडे माणूस कसा पाहतो हे त्यातून कळते.

अशी अडचण जगात इतरांनाही आली. झिम्बाब्वेत शोना भाषा बोलणारे लोक ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे फार विचार करणे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात तिथल्या लोकांच्याच शब्दांवरून १४ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. पुढे तिथले मनोविकारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांनी साध्या आजीबायांना शिकवून दवाखान्याच्या आवारातील बाकावर समुपदेशन सुरू केले, तेव्हा त्याच प्रश्नावलीने फरक मोजला गेला. २०१६ साली त्याचे निष्कर्ष आले. राजधानी हरारेतील २४ दवाखान्यांतील ५७३ रुग्णांच्या या अभ्यासात सहा महिन्यांनंतर आजीबायांच्या गटातील सरासरी गुण ४ च्याही खाली होते आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचे ९ च्या जवळ. मोजमाप लोकांच्या भाषेत होते, म्हणून हा फरक नजरेत आला.

आपल्याकडे भाषांतराची पद्धत अशी आहे. एक जण मराठीतून पाड्याच्या बोलीत प्रश्न करतो. मूळ प्रश्न न पाहिलेला दुसरा माणूस ते पुन्हा मराठीत आणतो. अर्थ जिथे सरकला असेल तिथे शब्द बदलतात. मग तो प्रश्न चार-पाच जणांना विचारून, “तुम्हांला यातून काय समजले?” असे त्यांच्याच तोंडून ऐकायचे. मूळ प्रश्नावलीत लक्ष लागण्याचे उदाहरण म्हणून वर्तमानपत्र वाचणे आणि टीव्ही बघणे दिले आहे. पाड्यावर तिथे तांदूळ निवडणे आणि जाळे विणणे आले.

“दोन आठवडे” हेही समजावून द्यावे लागते. इथे दिवस आठवडी बाजारावर मोजले जातात. म्हणून आमच्या सेविका विचारतात, “मागल्या दोन बाजारांत?” मग पुढ्यात वालाचे १४ दाणे ठेवतात. जितक्या रात्री झोप लागली नाही, तितके दाणे बाजूला सरकवायचे. ० किंवा १ दाणा म्हणजे शून्य गुण, २ ते ६ म्हणजे एक, ७ ते ११ म्हणजे दोन, १२ ते १४ म्हणजे तीन. अक्षरओळख नसलेल्या आजीही हे सहज करतात. “बरेच दिवस” या शब्दांत जी ओढाताण होते ती दाण्यांत होत नाही.

भूक नाही की भात नाही?

काटा हातात आला तरी वजन वाचायला शिकावे लागते. “भूक लागत नाही” हे मनाच्या आजाराचे लक्षण आहे. पण पावसाळ्याच्या मध्यावर घरातला दाणा संपलेला असतो, तेव्हा “जेवण होत नाही” याचा अर्थ वेगळा असतो. म्हणून आमच्या सेविका आधी विचारतात, घरात आहे का? मग विचारतात, असूनही जात नाही का?

थकव्याचेही तसेच. भातलावणीच्या दिवसांत सकाळपासून चिखलात वाकून काम केलेल्या बाईला दमल्यासारखे वाटते का, असे विचारण्यात अर्थ नाही. “बाकीच्या बायांपेक्षा जास्त दमायला होतं का? आराम केल्यावरही जात नाही का?” असे विचारावे लागते. शिवाय रक्तक्षय, सिकलसेल, क्षय, थायरॉइड, यांतही माणूस असाच गळून जातो. म्हणून बेरीज १० च्या वर गेली की आपल्या दवाखान्यात आधी रक्त तपासले जाते. हिमोग्लोबिन सातवर आलेल्या बाईला केवळ समुपदेशन देत बसणे हा तिच्यावर अन्याय होईल.

दारूसाठी जागतिक आरोग्य संघटनेची १० प्रश्नांची निराळी प्रश्नावली आहे. तिची बेरीज ० ते ४० असते आणि ८ पासून पुढे धोका धरतात. तिच्यात ‘किती पेले’ असे विचारलेले असते. घरी गाळलेल्या मोहाच्या दारूला ठरलेला पेला नसतो आणि ठरलेली तीव्रताही नसते. म्हणून आम्ही पिण्याच्या मापापेक्षा पिण्यामुळे किती दिवस काम बुडाले आणि किती वेळा घरात मारहाण झाली या प्रश्नांकडे जास्त लक्ष देतो.

नववा प्रश्न

नऊ प्रश्नांतील शेवटचा प्रश्न बेरजेत मिसळून टाकायचा नसतो. “मेलेलं बरं असं वाटतं का? जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावं असं मनात येतं का?” या प्रश्नाला एक दाणाही सरकला, तर एकूण बेरीज काहीही असो, तिथेच थांबायचे.

एका तरुण आईची एकूण बेरीज ८ आली होती. कागदावर सौम्य त्रास, महिन्याने पुन्हा बघू असे म्हणण्यासारखा. पण नवव्या प्रश्नाला तिने चार दाणे बाजूला केले होते. सेविकेने कागद बाजूला ठेवला आणि सरळ विचारले, “कसं करायचं हेही मनात आलं का?” घरात तणनाशकाची बाटली होती आणि बाईच्या मनात तीच होती. त्या दुपारी सेविका तिथून हलली नाही. बाईला विचारून सासूला जवळ बसवले, बाटली घरातून बाहेर काढून शेजारच्या पाड्यावर कुलपात ठेवायला दिली आणि दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडे नेले. ती बाई आज बचतगटाच्या बैठकीला येते.

“असं विचारलं तर नको तो विचार डोक्यात घातल्यासारखं होईल,” अशी भीती अनेकांना वाटते. तसे होत नाही. विचारल्याने बहुतेकांना मोकळे वाटते, कारण आजवर कोणी विचारलेलेच नसते. मात्र हा प्रश्न घरात चार माणसे बसलेली असताना विचारायचा नाही. परसात, विहिरीच्या वाटेवर, जिथे एकटी भेटेल तिथे विचारायचा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हा त्याचा हक्क आहे. पाड्यावरचा रुग्णही त्याला अपवाद नाही.

आकडा उतरला म्हणजे काय?

चाळिशीचे एक गृहस्थ वीटभट्टीवरून परत आले तेव्हा त्यांची बेरीज १८ होती. समुपदेशन सुरू झाले आणि मनोविकारतज्ज्ञांनी गोळ्याही दिल्या. चार आठवड्यांनी १४, आठ आठवड्यांनी ९, बारा आठवड्यांनी १३ आणि पाचव्या महिन्याच्या शेवटी ४. या पाच आकड्यांत त्यांची सगळी वाटचाल दिसते.

१८ वरून १४ हा फरक चार गुणांचा. पीएचक्यू-९मध्ये साधारण पाच गुणांचा फरक पडला तर तो खरोखरचा मानतात. त्याहून कमी फरक नुसत्या एका चांगल्या किंवा वाईट आठवड्यामुळेही पडू शकतो. त्यामुळे चौथ्या आठवड्यात आम्ही “सुधारणा” असे लिहिले नाही, “अजून पाहू” असे लिहिले. गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे जातातच. ते आधी सांगितले नाही तर माणूस आठ दिवसांत गोळ्या सोडून देतो.

आठव्या आठवड्यातला ९ म्हणजे सुरुवातीच्या बरोबर निम्मे. बेरीज निम्म्यावर किंवा त्याखाली आली की ‘उपचाराला प्रतिसाद’ म्हणतात. ५ च्या खाली गेली की ‘लक्षणे शमली’ म्हणतात. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. प्रतिसाद मिळाला म्हणून उपचार थांबवले तर दुखणे परत उसळण्याचा धोका राहतो. म्हणूनच लक्षणे शमल्यावरही डॉक्टर काही महिने गोळ्या चालू ठेवायला सांगतात.

बाराव्या आठवड्यातला १३ पाहून उपचार फसला असे वाटेल. त्या पंधरवड्यात त्यांचा बैल दगावला होता. आकडा चढणे हा रुग्णाचा दोष नाही आणि दर वेळी उपचाराचाही नाही. “काय झालं?” हे विचारण्याची ती वेळ असते. आकड्याने तो प्रश्न वेळेवर पुढे आणला हाच त्याचा उपयोग.

“बरं हाय, ताई”

या कामातली सर्वांत अवघड अडचण रुग्णाच्या चांगुलपणातून येते. माणूस दोन तास चालून आलेला असतो. गोळ्या फुकट मिळाल्या, कोणी प्रेमाने बोलले, चहा दिला. मग “कसं वाटतं?” असे विचारल्यावर तो काय म्हणणार? “बरं हाय, ताई.” आपले दुखणे तसेच आहे असे म्हटले तर ताईंना वाईट वाटेल, पुढच्या वेळी औषध मिळणार नाही, असे त्याला वाटते. सेवाभावी संस्थांना ही अडचण इतरांपेक्षा जास्त येते, कारण इथे रुग्णाच्या मनात उपकाराचे ओझे असते.

यावर दोन उपाय आम्ही करतो. पहिला म्हणजे जी सेविका समुपदेशन करते तिने फेरमोजणी करायची नाही, दुसऱ्या पाड्यावरच्या सेविकेने करायची. दुसरा उपाय सुरुवातीलाच सांगून टाकण्याचा: “दुखणं कमी झालं नाही असं सांगितलंत तर आमची मदतच होईल. औषध बदलता येईल. काहीही सांगितलंत तरी औषध बंद होणार नाही.” हे एवढे सांगितल्यावर दाणे वेगळे सरकतात.

बरे आम्हीच केले का?

आता अहवालातल्या टक्केवारीकडे येऊ. इथे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे.

माणूस उपचाराला येतो तो त्रास शिगेला पोहोचल्यावर. शिगेला पोहोचलेला त्रास काही काळाने आपोआपही थोडा उतरतो. मग उतरलेल्या आकड्यातले श्रेय किती उपचाराचे आणि किती काळाचे, हे कळण्यासाठी दुसरा गट लागतो. गोव्यातील संगाथ या संस्थेने हे चांगल्या रीतीने केले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणारे, पीएचक्यू-९ वर १५ किंवा जास्त गुण असलेले सुमारे ५०० रुग्ण होते. निम्म्यांना सहा ते आठ भेटींचे समुपदेशन मिळाले. ते देणारे तज्ज्ञ नव्हते, तर शिकवून तयार केलेली साधी माणसे होती. बाकीच्यांना आरोग्य केंद्रातली नेहमीची सेवा थोड्या सुधारणांसह मिळाली. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्णांची बेरीज १० च्या खाली आली होती. दुसऱ्या गटात हेच प्रमाण ३९ टक्के होते.

या दोन आकड्यांतून दोन गोष्टी कळतात. एक, साधी माणसे शिकून हे काम उत्तम करू शकतात. आपल्या सेविकांवर विश्वास ठेवायला हा मोठाच आधार आहे. दुसरे, समुपदेशन न मिळालेल्यांतही शंभरातले ३९ सावरले. म्हणजे “आमच्याकडे ६४ टक्के बरे झाले” असे कोणी लिहिले, तर समुपदेशनाची खरी कमाई दोहोंतल्या फरकाची, शंभरात २५ जणांची. पंचवीस ही लहान संख्या नाही. पंचवीस घरांतली चूल पुन्हा नीट पेटली, असा तिचा अर्थ आहे. पण ती ६४ नाही. आणखी एक बारकावा असा की, गोव्याच्या अभ्यासात १० च्या खाली आलेल्यांना सावरलेले धरले, तर वर सांगितलेली ‘लक्षणे शमली’ ही व्याख्या ५ च्या खालची. मोजपट्टी सांगितल्याशिवाय “बरे झाले” या शब्दांना अर्थ नाही.

आणि जे परत आलेच नाहीत त्यांचे काय? आपल्या भागात दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. समजा, भाद्रपदात ४० जणांचे उपचार सुरू झाले. माघात मोजायला २५ जण पाड्यावर होते आणि त्यांतले २० सुधारले. हे ८० टक्के यश म्हणायचे की ५० टक्के? २५ तून काढले तर ८०, ४० तून काढले तर ५०. भट्टीवर गेलेले १५ जण तिथे बरे असतील किंवा नसतीलही. ते कर्जापायी गेलेले, म्हणजे जास्त अडचणीतले, असण्याचीच शक्यता अधिक. म्हणून प्रामाणिक रीत अशी की, सुरुवात केलेल्या सर्वांना हिशेबात धरायचे आणि न भेटलेल्यांना सुधारलेले मानायचे नाही. अशाने आकडा लहान होतो. पण तो पाहून पुढच्या वर्षी भट्टीपर्यंत कोणी तरी जाण्याची सोय करायची, हे सुचते. मोठा आकडा असे काही सुचवत नाही.

लक्षणांपलीकडे

शेवटी, लक्षणे कमी होणे म्हणजे सगळे नव्हे. पॉल बोल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युगांडातील खेड्यांत केलेल्या कामाचे निष्कर्ष २००३ साली आले. त्यांनी लक्षणांबरोबर आणखी एक गोष्ट मोजली. आधी गावकऱ्यांनाच विचारले, की घरासाठी, स्वतःसाठी आणि गावासाठी बाई रोज काय काय करते, पुरुष काय काय करतो? आलेल्या उत्तरांची यादी केली आणि रुग्णाला त्यातले काय जमते, काय जमत नाही हे पाहिले.

त्याच धर्तीवर आमच्याही याद्या आहेत. बायकांच्या यादीत पाणी आणणे, मोळी आणणे, मुलांना आंघोळ घालणे, बाजारहाट आणि लग्नघरी मदतीला जाणे आहे. पुरुषांच्या यादीत नांगर, गुरे, मासेमारी, पाड्याची बैठक आणि तारपा वाजला की नाचात उतरणे आहे. कित्येकदा प्रश्नावलीची बेरीज अजून ११ असते आणि बाई लग्नघरी जाऊन पोळ्या लाटून आलेली असते. घरच्यांच्या दृष्टीने ती तेव्हाच बरी व्हायला लागलेली असते. उलटही घडते. बेरीज ४ वर येते, पण माणूस अजून घराबाहेर पडत नाही. अशा वेळी यादीवर विश्वास ठेवून आम्ही भेटी चालू ठेवतो.

वाचकांना विनंती

यापुढे आमचा किंवा कोणत्याही संस्थेचा मानसिक आरोग्याचा अहवाल हाती आला, तर चार प्रश्न जरूर विचारा. “सुधारणा” म्हणजे नेमके किती गुणांचा फरक? मोजणारा आणि उपचार करणारा एकच होता का? सुरुवातीला किती जण होते आणि शेवटी किती जणांना विचारले? आणि प्रश्न रुग्णाच्या बोलीत होते का? याची उत्तरे मिळाली, तर लहान आकड्यालाही मान द्या.

मदत करू इच्छिणाऱ्यांसाठी एक सुचवावेसे वाटते. औषधांसाठी देणगी सहज मिळते. फेरमोजणीसाठी भट्टीपर्यंत जाणाऱ्या सेविकेच्या एसटीच्या भाड्याला देणगी मागायला आम्हांलाच संकोच वाटतो. पण वर सांगितलेले पंधरा जण त्याच भाड्यात सापडतात.

आपल्या घरी किंवा ओळखीत कोणाला मनाचा त्रास होत असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. तो लिहून भिंतीवर लावून ठेवा.